मिरी आणि माझी अकरा दिवसांची मेथड

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून नोंद ठेवणार. प्रॉब्लेम कागदावर आला की निम्मा सुटतो, असं मी फॅक्टरीत सगळ्यांना सांगतो. आता स्वतःवर वेळ आली आहे.

प्रॉब्लेम : मिरी. कुत्री. वजन साडेपाच किलो, रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. मेच्या सुट्टीत आमच्या लेकीला, शिवानीला, इथे बेंगळुरूच्या शिवाजीनगरला बस स्टँडमागे सापडली. बंद दुकानाच्या शटरला सुतळीने बांधून कोणीतरी निघून गेलं होतं. प्राण्यांच्या एका संस्थेमार्फत रीतसर घरी आणली. ऑगस्टमध्ये शिवानी हुबळीला हॉस्टेलवर गेली. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून कावेरी निपाणीला गेली. उरलो मी आणि मिरी.

मी पायात सॉक्स चढवले की ती थरथरायला लागते. दार ओढून घेतलं की गळा काढते, दार ओरबाडते, पायपुसणं ओलं करते, वाटीतलं तोंडात घेत नाही. याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात.

कावेरी फोनवर म्हणाली, तुम्हाला एकट्याला जमायचं नाही, कोणाची तरी मदत घ्या. मी म्हटलं, बावीस वर्षं पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियात परचेस सांभाळतोय. भलेभले सप्लायर सरळ केलेत. साडेपाच किलोचं कुत्रं काय!

डेडलाइन : आठ दिवस.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
काल मेट्रोत या विषयावरचा लेख वाचला. अर्धा झाला आणि पीण्या स्टेशन आलं. मुद्दा कळला तेवढ्यात. किल्ल्या वाजवायच्या पण जायचं नाही. म्हणजे कुत्र्याच्या मनातली किल्ल्यांची भीती जाते.

वीस वेळा वाजवल्या. तिसऱ्या वेळी मिरी कॉटखाली गेली. विसाव्या वेळेपर्यंत मला उशीर झाला होता, म्हणून खरंच निघालो.

रात्री : बिल्डिंगच्या ग्रुपवर तीन तक्रारी. सेक्रेटरी कल्लाप्पांनी इंग्रजीत विचारलं की २०४ मध्ये काही ट्रॅजेडी झाली आहे का. मी लिहिलं, 'ट्रेनिंग इन प्रोग्रेस'.

बुधवार, ५ नोव्हेंबर
अंगातला शर्ट काढून तिच्या गोधडीवर ठेवून गेलो. मालकाच्या वासाने धीर येतो.
संध्याकाळी शर्टाची एक बाही मिळाली. वास ओळखला, हे नक्की.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आवाजाचा प्रयोग. जुन्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं, "मिरी, शहाणी माझी, मी येतो हं." तेच परत परत लागेल असं सेट करून ठेवलं.

अकरा वाजता मीटिंगमध्ये कल्लाप्पांचा फोन. तुमच्या घरातून एक माणूस आणि एक कुत्रं आळीपाळीने रडतायत, माणूस अडकलाय का, दार तोडू का? माणूस मीच आहे असं सांगितलं. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

जिन्यात खालच्या १०४ मधल्या जमना अक्का भेटल्या. वय सत्तरच्या वर, एकट्या राहतात, गुडघे गेलेले. यांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासून. मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. म्हणाल्या, "अय्यो, ते लहान जीव दिवसभर रडतंय की रे. पाप!" (कन्नडातलं पाप, म्हणजे बिचारं.) "किल्ली देऊन जा, मी स्वल्प बसते तिच्याजवळ."

नको म्हटलं. ट्रेनिंगमध्ये बाहेरचा माणूस आला की कुत्रं गोंधळतं. त्या "सरी" (म्हणजे बरं) म्हणाल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. जरा तोडूनच बोललो बहुतेक. पण शिस्त म्हणजे शिस्त.

शनिवार, ८ नोव्हेंबर
आता ती माझ्या मागे बाथरूमपर्यंत येते. दार लावलं की गळा काढते, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता ग्रुपवर आणखी तक्रारी नकोत. त्यामुळे दार उघडं ठेवून आंघोळ. ती उंबऱ्यावर बसून बघत होती. मी पाठ फिरवली.
हे कुठेही सांगायचं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
शिवानीचा फोन. मिरी कशी आहे, एकटी राहते का? म्हटलं, खूपच सुधारणा. तिचा आवाज इतका खुलला की पुढचं आपोआप बोललं गेलं : चार तास राहते. शांत. झोपते चक्क.
म्हणाली, बाबा, व्हिडिओ पाठवा ना!

रात्री ८.१५. जेवण झाल्यावर मिरी गोधडीवर झोपली. व्हिडिओ काढला आणि पाठवला : 'दुपारी एकटी असताना. जुना मोबाईल लपवून ठेवला होता.' शिवानीने बदाम पाठवले, ओळीने अकरा. कावेरीने अंगठा.

हे खोटं नव्हे. डिलिव्हरी नक्की होणार आहे, आपण चलन आधी पाठवलं, एवढंच. फॅक्टरीत हे चालतं.
तरी झोपताना मिरीकडे बघवलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
चमत्कार. काल ग्रुपवर एकही तक्रार नाही. आज पण नाही. संध्याकाळी दार उघडलं तर पायपुसणं कोरडं. वाटी रिकामी!

काय लागू पडलं याचा विचार केला. किल्ल्या नव्हेत, शर्ट नव्हे. काल निघताना मी तिच्या डोळ्यांत ठामपणे पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, मी येणार. नजर! सप्लायरलासुद्धा मी असंच बघतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
पाचवा शांत दिवस. ३ तारखेला सुरुवात केली, १३ला, म्हणजे काल, प्रश्न संपला असं धरलं तर अकरा दिवस. डेडलाइन थोडी चुकली, पण या क्षेत्रात तीन-तीन महिने लागतात म्हणे.

शिवानीला पाठवलेला व्हिडिओ आता जवळजवळ खराच झाला. उगाच मनाला लावून घेतलं होतं.

किरकोळ : आपल्या दाराबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची पडली होती. कोणाची तरी.

शनिवार, १५ नोव्हेंबर
शिवानीने तो व्हिडिओ संस्थेला पाठवला. संस्थेच्या मॅडमचा फोन. २३ तारखेला, रविवारी, इथे आपल्या जे. पी. नगरमध्येच दत्तक मेळावा आहे. नवीन लोक कुत्री घ्यायला घाबरतात, तुम्ही दहा मिनिटं अनुभव सांगाल का? म्हटलं, मी काही एक्स्पर्ट नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच. म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि तीन मिनिटांनी मीच परत फोन करून 'हो' सांगितलं.

मिरीला घेऊन येणार का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, ती घरी एकटी आरामात राहील. तोच तर पुरावा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
खुर्ची अजून तिथेच. शिवाय दारापाशी अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची सालं. तीन-चार. सीझन आहे हे मान्य, सगळं बेंगळुरू शेंगा सोलतंय, पण माझ्या दारात का?

भाषणाचे मुद्दे काढले. १. निश्चय. २. नजर. ३. भावनेच्या आहारी न जाणे.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आज परत सालं. आणि खुर्चीवर स्टीलचा छोटा डबा, धुतलेला. हद्द झाली. उद्या मेळाव्याचे लोक घरी फोटो काढायला आले तर? ग्रुपवर लिहिलं : 'कॉमन एरिया इज नॉट एनीवन्स किचन. दोन दिवसांत खुर्ची हलली नाही तर मी ती भंगारात देईन.' जरा कडक झालं, पण इंग्रजीत कडक वाटतंच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
संध्याकाळी आलो तर खुर्ची नाही. कल्लाप्पांनी काम केलं. ती खुर्ची जमना अक्कांची होती म्हणे. नोटीस वाचून दाखवल्यावर त्यांनी फक्त 'सरी' म्हटलं आणि खाली न्यायला सांगितली. १०४ची खुर्ची दुसऱ्या मजल्यावर काय करते, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना दम लागतो, जिन्यात बसत असतील.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सुट्टी. दिवसभर भाषणाची रिहर्सल, मिरीसमोर. 'अकरा दिवसांची मेथड' हे नाव नक्की केलं. ती पायावर हनुवटी ठेवून ऐकत होती. फार समजूतदार जनावर.

रविवार, २३ नोव्हेंबर
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहितो.

साडेदहाला निघालो. नवा शर्ट. मिरीच्या डोळ्यांत पाहिलं. जिना उतरताना तिचा आवाज सुरू झाला, पण म्हटलं, पाच मिनिटांत थांबेल, रोज थांबतो.

हॉलमध्ये साठेक माणसं. माझा नंबर साडेअकराला. छान बोललो. खरंच छान. लोक हसत होते, एक बाई लिहून घेत होत्या. मी म्हटलं, "कुत्रं घाबरत नाही हो, आपण घाबरतो." टाळ्या.

मग प्रश्न. एका गृहस्थांनी विचारलं, आत्ता या क्षणी तुमची कुत्री काय करत असेल? मी म्हटलं, झोपली असेल. आणि खिशात फोन वाजला. कल्लाप्पा. कट करायला गेलो तर घाईत स्पीकर लागला. दुसऱ्या हातात माईक होता, तो फोनजवळ गेला.

सगळ्या हॉलने ऐकलं. आधी मिरी. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण तो आवाज सुरू होतो तेव्हा मी मेट्रोत असतो. मग कल्लाप्पा ओरडत होते, "अहो २०४, दाराखालून रक्त येतंय! आणि अक्का खाली बसल्यात त्या उठेनात! तुमची किल्ली कुठाय?"

मी फोन बंद केला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. संस्थेच्या मॅडमनी माझ्या हातातून माईक घेतला, हळूच, जसं लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात.

रिक्षात पंधरा मिनिटं. ड्रायव्हर विचारत होता, काय झालं सर? मी म्हटलं, काही नाही.

वर पोचलो. जमना अक्का माझ्या दाराला पाठ लावून फरशीवर बसल्या होत्या. पाय सरळ पसरलेले, लुगडं धुळीने भरलेलं. एका हाताचं बोट दाराखालच्या फटीत. आत मिरी गप्प होती. ते बोट चाटत होती, त्याचा आवाज येत होता.

कल्लाप्पा आणि वरचे दोघे उठवायला उभे होते, पण त्या म्हणत होत्या, "बेडा, बेडा, उठवू नका, बोट काढलं की परत रडेल. आधी दार उघड."

दार उघडलं. मिरीच्या पुढच्या पायाची दोन नखं उखडली होती. दाराच्या आतल्या बाजूला मांजराएवढ्या उंचीपर्यंत लाकूड पांढरं पडलेलं. ती माझ्याकडे आली नाही. लंगडत बाहेर गेली आणि अक्कांच्या मांडीत शिरली.

मी विचारलं, "अक्का, तुम्ही केव्हापासून बसलाय इथे?"

"आज? तू गेलास तेव्हापासून. पहिला तास उभी होते. उभ्याने आवाज तिला पोचेना, रडतच होती. मग गुडघ्याने सोडलं."

"आज म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू किल्ली दिली नाहीस ना अप्पा. मग काय करणार? बाहेर बसायची. पंधरा दिवस झाले असतील. तू गेलास की यायची, तू यायच्या जरा आधी उतरायची. दारातून बोलत बसायची तिच्याशी, शेंगा सोलायची. मग रडत नाही ती. दुपारी जेवायला खाली गेले की रडायची, म्हणून डबाच वर आणला."

कल्लाप्पा भिंतीकडे बघत होते. ती नोटीस त्यांनीच वाचून दाखवली होती.

मी म्हटलं, "मला सांगायचं ना."

"तू सगळ्यांना जिन्यात सांगत होतास, नजरेने केलं म्हणून. कावेरीला पण फोनवर. एवढा खूश होतास. म्हटलं, असू दे."

तिघांनी मिळून त्यांना उठवलं. मी चौथा होतो, पण मला धरायला जागाच मिळाली नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर
रजा. मिरीला व्हेटकडे नेलं. नखं येतील म्हणाले. पट्टी बांधली, गळ्यात प्लास्टिकचा फनेल. घरी किती वेळ एकटी राहते, असं विचारलं. मी 'चार तास' म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, अजिबात राहत नाही.

ते म्हणाले, मग दहा सेकंदांपासून सुरू करा. ती घाबरायच्या आत परत यायचं. दहाचे वीस, वीसचे तीस. तोवर दिवसा कोणीतरी सोबत हवं. महिने लागतील. घाई केली की मागे जातं सगळं.
हे सगळं लेखाच्या उरलेल्या अर्ध्यात होतं. नंतर बिलाच्या रांगेत वाचला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
अक्कांकडे माफी मागायला गेलो. सोबत केळी आणि सफरचंदं. वाक्य तयार होतं : 'माझ्याकडून जे झालं त्याबद्दल'. पहिल्या शब्दालाच त्या म्हणाल्या, "फळं तिथे ठेव. आणि तिचं ते औषध कधी द्यायचं, जेवणाआधी की नंतर?" म्हटलं, नंतर. "मग उभा का? आण की तिला."

गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. त्याच्याकडे बघितलं की त्या पदर त्यावर ओढून घ्यायच्या.
वाक्य तसंच राहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर
ग्रुपवर माफी लिहिली. तीन परिच्छेद झाले. वाचून बघितलं तर त्यात माझंच कौतुक जास्त होतं. पुसलं. मराठीतच लिहिलं : 'जमना अक्का माझ्या कुत्रीची काळजी घेत होत्या. मी त्यांचीच तक्रार केली. चूक माझी.' पाठवून फोन उशीखाली ठेवला. तासाने बघितला. कल्लाप्पांचे नुसते हात जोडलेले. बाकी कोणी काही नाही. चौदा घरांनी वाचलं होतं.

आजपासून मिरी दिवसा १०४ मध्ये. सकाळी सोडायला गेलो तर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मीच दारात दोन मिनिटं उभा होतो. अक्का म्हणाल्या, ऑफिस नाही का आज?

गुरुवार, २७ नोव्हेंबर
शिवानीला फोन केला. सगळं सांगायचं ठरवून. म्हटलं, तो व्हिडिओ...
ती म्हणाली, "रात्रीचा होता, माहीत आहे बाबा."
कसं?
"ट्यूबलाइट चालू होती. आणि कोपऱ्यात तुमचा पाय दिसत होता. अंगठा."

मग संस्थेला का पाठवलास? म्हणाली, नंतरचे दिवस ग्रुपवर तक्रार नाही असं तुम्हीच सांगत होता, वाटलं आता खरंच जमलंय. आईला पायाचं दाखवलं होतं. आई म्हणाली, असू दे, बाबा एकटे आहेत, त्यांना काही बोलू नकोस.

म्हणजे अक्कांनी 'असू दे' म्हटलं, कावेरीने 'असू दे' म्हटलं, पोरीने गप्प राहून तेच केलं. मी सप्लायरना नजरेने सरळ करतो असं समजतो. तेही घरी जाऊन काय म्हणत असतील कोण जाणे.
कावेरीला फोन केला. सांगायला तीनदा सुरुवात केली. तिने सासूबाईंच्या फिजिओथेरपीचं सांगितलं. बराच वेळ. मुद्दामच सांगत असावी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
संस्थेच्या मॅडमना मेल केला. मेथड नव्हती, शेजारीण होती. हवं तर कुत्री परत न्या, असंही लिहिलं. ते वाक्य दोनदा पुसलं, दोनदा परत लिहिलं.
उत्तर आलं : 'कुत्रीला शेजारीण सोडून कुठे नेणार? तुम्ही व्हेटने सांगितलं ते करा.'
'तुम्ही' वर जरा जोर वाटला. नसेलही.

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी
अक्कांच्या घरी ट्रेनिंग. आता त्या सांगतात, मी करतो. मी सॉक्स घालायचे, किल्ली घ्यायची, बाहेर जाऊन दार ओढायचं, आकडे मोजायचे. आत काही ऐकू आलं की लगेच यायचं.

दहा सेकंद. परत आलो. वीस. परत. चाळीस. जिन्यात उभा राहून सॉक्समध्ये मोजत होतो. वरच्या मजल्यावरचे कोणीतरी भाजी घेऊन गेले, त्यांना वाट दिली. त्यांनी काही विचारलं नाही. आता मला कोणी काही विचारत नाही.

शेवटचा राउंड : शंभर सेकंद. आतून आवाज नाही. ओरबाडणं नाही. ऐंशीच्या पुढे दाराला कान लावून मोजलं. शंभराला दार उघडलं. सगळं शांत!

जिन्यातूनच शिवानीला लिहिलं : 'एक मिनिट चाळीस सेकंद!'
लगेच उत्तर : 'बाबा!!! खरंच? एकटी होती?'

'हो' टाईप झालं होतं. पाठवायचं बटण अंगठ्याखालीच होतं.

पुसलं. लिहिलं, 'नाही. अक्कांच्या मांडीवर होती. झोपली होती.'